आफ्रिकेतल्या प्लेन्स गेममधे पाडायला सगळ्यात अवघड जनावर कोणतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लेन्स गेम म्हणजे नेमके कोणते प्राणी?

हत्ती, गेंडा, सिंह, बिबट्या, केप बफेलो हे पाच आणि त्यांच्यासोबत पाणघोडा नि मगर ही धोकादायक यादी बाजूला काढली की बाकी उरलेले खूरवाले प्राणी म्हणजे शिकाऱ्यांच्या भाषेत प्लेन्स गेम. इम्पाला, स्प्रिंगबॉक, ब्लेसबॉक, कुडू, न्याला, वॉटरबक, हार्टेबीस्ट, वाइल्डबीस्ट, गेम्सबॉक, सेबल, ईलंड असे सगळे कुरंग आणि त्यांच्याबरोबर झेब्रा आणि वॉर्टहॉग. नाव मैदानाचं असलं तरी यातले बरेच जण दाट काटेरी झुडपात राहतात. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः दक्षिण आफ्रिका देशातला लिम्पोपो प्रांत आणि शेजारचा नामिबिया या दोन ठिकाणांबद्दल आहे, कारण मी पाहिलंय ते तिथलं.

एकच नाव सांगा, सगळ्यात चिवट कोण?

ब्लू वाइल्डबीस्ट. यावर तिथले पीएच, म्हणजे परवानाधारक प्रोफेशनल हंटर, एकमेकांशी फारसे भांडत नाहीत. तिथे त्याला गरिबाचा बफेलो म्हणतात, एक तर बफेलोपेक्षा खूप स्वस्तात मिळतो म्हणून आणि दुसरं म्हणजे गोळी खाऊन चालत राहण्याची ताकद बघून. पूर्ण वाढलेला नर साधारण २५० किलोचा, म्हणजे ईलंडच्या निम्म्याहूनही कमी, तरी जखमी झाल्यावर जितक्या वाइल्डबीस्टचा माग दिवसभर काढावा लागतो तितक्या ईलंडचा नाही.

दुसऱ्या नंबरवर माझ्या मते गेम्सबॉक आणि झेब्रा बरोबरीने. काहीजण झेब्र्याला पहिला नंबर देतात, त्यांचंही चूक नाही, ते पुढे येईलच.

वाइल्डबीस्ट एवढा चिवट का? त्याच्या शरीरात असं काय वेगळं असतं?

हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर नीट समजून घेतलं तर अर्धी जखमी जनावरं वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाइल्डबीस्टच्या खांद्यावर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असतो, त्यावर आयाळ, आणि मानेखाली लोंबती दाढी. यामुळे छाती प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा खूप उंच वाटते. माणूस लांबून बघतो आणि नकळत त्या सगळ्या काळ्या आकाराच्या मधोमध नेम धरतो, पण त्या उंचवट्यात निव्वळ स्नायू आणि मणक्यांची लांब हाडं, त्यात जीव जाण्यासारखं काही नाही. हृदय असतं पार खाली, छातीच्या तळाला, दोन पुढच्या पायांच्या मधे. गोळी मधोमध गेली तर फार तर फुफ्फुसाचा वरचा भाग जातो, कधी कधी तोही नाही, मणक्याला नुसता धक्का लागून जनावर धाडकन खाली पडतं, सगळे एकमेकांचे हात हातात घेतात आणि तेवढ्यात ते उठून पळतं. असं पडून उठलेलं वाइल्डबीस्ट मग सहसा सापडत नाही.

दुसरं कारण कळप. नर आणि मादी दोघांनाही शिंगं, दोघं रंगाने सारखेच, आणि जखमी झालेला आधी कळपात घुसतो. चाळीस सारख्या दिसणाऱ्या जनावरांत कोणाला गोळी लागली ते दुर्बिणीतून शोधत बसायचं, आणि दुसरी गोळी चुकीच्या जनावराला लागायची भीती असते म्हणून झाडताही येत नाही. तिसरं म्हणजे गडद रंगाचं जाड कातडं, छिद्र लवकर मिटतं आणि बाहेर रक्त कमी येतं, जे येतं ते लांबून दिसत नाही.

म्हणजे सगळ्या आफ्रिकन कुरंगांचं हृदय वेगळ्या जागी असतं का?

जागा तीच, छातीतच, पण अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या हरणांवर शिकलेल्या शिकाऱ्याला जिथे नेम धरायची सवय असते त्यापेक्षा ते पुढे आणि खाली पडतं. तिकडे खांद्याच्या मागच्या बाजूला, बरगड्यांवर गोळी मारतात, म्हणजे फऱ्याचं मांस खराब होत नाही आणि दोन्ही फुफ्फुसं मिळतात. तोच नेम आफ्रिकेत धरला तर गोळी फुफ्फुसाच्या मागच्या टोकाला किंवा थेट यकृत आणि कोथळ्यात जाते.

तिथे शिकवतात ते असं, की जनावर बरोबर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मधून सरळ वर यायचं आणि शरीराच्या उंचीचा खालचा एक तृतीयांश भाग संपतो तिथे थांबायचं. गोळी फऱ्यातून जाऊन हृदय किंवा त्याच्या वरच्या मोठ्या रक्तवाहिन्या फोडते. वाइल्डबीस्ट आणि गेम्सबॉक असेल तर त्याहूनही किंचित खाली. मारलेलं जनावर सोलताना शेडमधे जाऊन उभं राहा आणि बाजूचा पाय उचलायच्या आधी बघा, हृदयाचं टोक कोपराच्या लगेच वर असतं, इतकं खाली की पहिल्यांदा बघणाऱ्याला पटत नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की नवीन शिकाऱ्याने रायफल हातात घ्यायच्या आधी हे एकदा तरी पाहायलाच हवं.

आणि एक, हृदयावर बरोबर गोळी लागली तरी जनावर जागच्या जागी पडेलच असं नाही. मेंदूत जो प्राणवायू उरलेला असतो त्यावर ते दहा-पंधरा सेकंद पळू शकतं, आणि तेवढ्यात शंभर मीटर सहज होतात. याला चिवटपणा म्हणत नाहीत, ते आधीच गेलेलं असतं.

झेब्रा तर घोड्यासारखाच ना, मग त्यात अवघड काय?

घोड्याच्याच कुळातला आहे आणि म्हणूनच अवघड आहे. मैदानी झेब्र्याचा नर ३०० किलोच्या आसपास, हाडं जड, पुढचा भाग नुसत्या स्नायूंनी भरलेला. वाईट गोळी लागलेला झेब्रा कळपाबरोबर त्याच वेगाने पळत राहतो आणि कोणता जखमी आहे ते ओळखू येत नाही, पट्ट्यांमुळे तर अजिबातच नाही. नामिबियाच्या डोंगराळ भागात हार्टमनचा पहाडी झेब्रा असतो, तो जखमी होऊन दगडांच्या उतारावर गेला की माग काढणाऱ्यांची कसोटी, कारण दगडावर खूर उमटत नाही.

एक सोय मात्र निसर्गानेच करून ठेवलीय. खांद्यावर पट्टे एकत्र येऊन उलट्या व्ही सारखी खूण होते, त्या त्रिकोणात गोळी गेली तर काम झालं.

गेम्सबॉक धोकादायक असतो असं ऐकलंय, खरं का?

हो, खरं. आडवा पडलेला गेम्सबॉक मेलाय असं समजून पुढून जवळ जाऊ नका, कधीच. नर-मादी दोघांना सरळ, टोकदार, मीटरभर लांब शिंगं असतात, मादीची तर नरापेक्षा बारीक आणि बहुतेकदा लांब. तो शिंगं खाली करून झटका देतो तेव्हा वेग इतका असतो की मागे सरायला वेळ मिळत नाही. कलहारीत सिंहांनासुद्धा या शिंगांनी भोसकलेलं आहे. जवळ जायचं ते मागून, आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून बघायचं, पापणी हलली तर अजून जीव आहे.

पाडायला अवघड होण्याचं कारण मान आणि खांदा. तिथलं कातडं फार जाड असतं, नर एकमेकांशी लढतात त्यासाठीच ते तसं आहे, आणि मऊ गोळी तिथे फुलून थांबू शकते. त्यात चेहऱ्यावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांकडे आणि शिंगांकडे नजर जाते आणि नेम वर सरकतो. वाळवंटातलं जनावर आहे, शरीराचं तापमान ४५ अंशांपर्यंत चढलं तरी तग धरतं, मेंदूकडे जाणारं रक्त नाकातून थंड होऊन जातं. अशा शरीराला एक गोळी चुकीच्या जागी लागली म्हणून ते लगेच हार मानत नाही. नामिबियाच्या राजचिन्हावर हा प्राणी आहे तो उगाच नाही.

ईलंड तर सगळ्यात मोठा, मग तो पहिल्या नंबरवर का नाही?

मोठा आहेच, म्हातारा नर ९०० किलोपर्यंत जातो, जगातल्या सगळ्यात मोठ्या कुरंगांपैकी एक. चालताना गुडघ्यातून टक-टक आवाज येतो तो शांत हवेत बराच लांब ऐकू येतो, पहाटे झुडपात उभं राहून तो आवाज जवळ येताना ऐकला की काळजाचा ठोका चुकतो. पण स्वभावाने शांत आणि लाजरा, आणि फुफ्फुसं भलीमोठी. पुरेशी जड गोळी बरोबर जागी लागली तर तो थोडं अंतर जाऊन बसतो. अडचण फक्त गोळी आत किती जाते एवढीच. हलकी गोळी त्या खांद्यात अडकली तर मात्र तो दुडक्या चालीने निघतो आणि ती चाल तो तासन्‌तास ठेवू शकतो, तुम्ही त्याच्या मागे चालत राहता आणि तो दिसतच नाही.

आणि कुडू?

कुडू पाडायला अवघड नाही, दिसायला अवघड आहे. झुडपात उभा राहिला की पन्नास पावलांवर असून कळत नाही. कातडं पातळ, फार झुंजत नाही, साधारण बरी गोळी लागली तरी बसतो. लोक "अवघड" म्हणताना या दोन गोष्टींची गल्लत करतात. शोधायला अवघड म्हणजे कुडू, न्याला, बुशबक, आणि पाडायला अवघड म्हणजे वाइल्डबीस्ट, गेम्सबॉक, झेब्रा.

लहान जनावरांत कोणी चिवट आहे का?

आहे ना. वॉर्टहॉग. आकार आपल्या रानडुकरासारखाच आणि पोटात गोळी घेऊन बिळात उलटा शिरतो, तोंड आणि सुळे बाहेरच्या बाजूला करून. मग त्या बिळात हात घालायला कोणी तयार होत नाही आणि होऊही नये. इम्पाला साठेक किलोचा, पण वजनाच्या मानाने बराच दम धरतो. बुशबक नर तर छोटा, पण जखमी होऊन दाट झाडीत शिरला तर कुत्र्यांवर आणि माणसावर उलटून येतो, हे तिथला प्रत्येक ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा, सांगेल.

कोणती रायफल लागते?

नामिबियात यावर कायदाच आहे, आणि तो नळीतून निघताना गोळीत किती ऊर्जा हवी या हिशोबाने आहे. स्प्रिंगबॉक आणि त्या आकाराच्या जनावरांना किमान १३५० जूल, कुडू, गेम्सबॉक, हार्टेबीस्ट, वाइल्डबीस्ट, ईलंड यांना किमान २७०० जूल, आणि बफेलो, हत्तीसाठी ५४०० जूल. १९०६ साली निघालेली .३०-०६ आजही बहुतेक सगळ्या प्लेन्स गेमला पुरते, १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी घ्या. ७x५७ माउझर घेऊन दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांनी १८९९ ते १९०२ चं ब्रिटिशांविरुद्धचं युद्ध लढलं आणि त्याच रायफलीने घरच्या स्वयंपाकाला मांस आणलं, ती अजूनही फार्मवर दिसते. ईलंड यादीत असेल तर .३०० मॅग्नम किंवा १९१२ ची .३७५ एच अँड एच.

पण खरं सांगू का, मोठ्या रायफलीने दचकून ट्रिगर ओढणाऱ्या माणसापेक्षा मध्यम रायफल शांतपणे चालवणारा माणूस जनावरासाठी कितीतरी बरा. .३७५ ची गोळी कोथळ्यात गेली तरी ती कोथळ्यातच गेली.

मग गोळी कशी असावी?

रायफलीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं. जाड कातडं, जड स्नायू आणि फऱ्याचं हाड ओलांडून हृदयापर्यंत पोचेपर्यंत गोळी एकसंध राहायला हवी. पातळ आवरणाची, झटकन फुलणारी गोळी हरणाला ठीक, वाइल्डबीस्टच्या खांद्यावर ती फुटून जाते आणि आत जातं ते नुसतं शिशाचं चूर. हा प्रश्न आफ्रिकेपुरता नाही, १९४६ साली कॅनडात जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याच्या गोळ्या अंगावर चिखल वाळून कडक झालेल्या मूसच्या (हे एक मोठं हरीण) खांद्यात शिरेनात, म्हणून त्यांनी मधे तांब्याची भिंत असलेली गोळी बनवली, पुढचा भाग फुलतो आणि मागचा तसाच आत जात राहतो. आता आवरणाला शिसं जोडून टाकलेल्या किंवा अख्ख्या तांब्याच्या गोळ्याही मिळतात. यापैकी कुठलीही चालेल, फक्त पैसे वाचवायला स्वस्तातली घेऊ नका.

मानेत किंवा डोक्यात मारली तर लगेच पडेल ना?

लागली तर पडेल. पण मेंदू लहान असतो आणि डोकं सतत हलतं, आणि चुकली की जबडा फुटतो. जबडा फुटलेलं जनावर पळून जातं आणि उपाशी मरतं, त्याला कित्येक दिवस लागतात. हे मनात आणूनसुद्धा अंगावर काटा येतो. दीडशे मीटरवरून, काठ्यांच्या तिवईवर रायफल टेकवून, हा नेम धरू नका.

गोळी लागली आणि जनावर पळालं, आता काय?

पहिली गोष्ट, लगेच दुसरं काडतूस चढवा आणि जनावर उभं असेपर्यंत मारत राहा. एका गोळीचा अभिमान इथे कामाचा नाही. दुसरी, जिथे ते उभं होतं ती जागा नजरेत पक्की करा, झाड, दगड काहीतरी, आणि ट्रॅकरला तिथे नेऊन स्वतः बाजूला व्हा, मागावर पाय देऊ नका.

मग रक्त बोलतं. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुफ्फुस, जनावर जवळच पडलेलं असणार. गडद, दाट लाल असेल तर यकृत, थोडं थांबून जायचं. हिरवट, वास येणारं असेल तर कोथळा, आणि त्या दिवशी घरी जायची घाई कोणी करू नये.

लिम्पोपोत एका वाइल्डबीस्टच्या मागावर मी ट्रॅकरच्या मागे चाललो होतो. पाहुण्याची गोळी उंच आणि मागे लागलेली. कळप गेला ती वाळू खुरांनी पार खणलेली, मला त्यात काहीच दिसत नव्हतं. ट्रॅकर मोपानीच्या झुडपाशी बसला, कमरेइतक्या उंचीचं एक पान उलटं केलं, खालच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब. बोटांत चोळून बघितला, बुडबुडे नाहीत, गडद. मग त्याने वाळूतला एकच खूर दाखवला, टोक किंचित ओढलेलं, प्रत्येक चौथ्या पावलाला तसंच. तिथून पुढे तो त्या एकाच खुराच्या मागे, शंभर खुरांतून. दुपारी कळप डावीकडे गेला आणि हा खूर उजवीकडे वळला. ट्रॅकरने हात वर केला आणि सगळे थांबलो. संध्याकाळ व्हायच्या सुमारास तो नर एका झाडाखाली उभा सापडला, आम्ही आलो त्या वाटेकडे तोंड करून. सोलताना पाहिलं, यकृताच्या कडेला एक भोक, एक फुफ्फुस पूर्ण शाबूत. इतक्यावर तो दिवसभर चालला होता. त्या पाहुण्याबद्दल मला राग नव्हता, पण त्या जनावराचे ते आठ तास मला अजून विसरता येत नाहीत, आणि नेम कुठे धरायचा यावर मी इतकं लिहितो ते त्यामुळेच.

बऱ्याच फार्मवर माग काढायला कुत्री असतात, जॅक रसेल टेरिअर तर घरोघरी. लहान असतात, पण जनावराला एका जागी भुंकून अडकवून ठेवतात.

जखमी जनावर सापडलंच नाही तर पैसे द्यावे लागतात का?

हो. रक्ताचा एक थेंब दिसला तरी पूर्ण फी, दक्षिण आफ्रिकेत आणि नामिबियात सगळीकडे हीच रीत. आणि योग्यच आहे.

आपल्या रोह्याची, म्हणजे नीलगायीची, यांच्याशी तुलना होते का?

चांगली होते. विदर्भात रोही म्हणतात तोच प्राणी १९३० च्या आसपास अमेरिकेत टेक्सासमधल्या किंग रँचवर सोडला गेला, आता दक्षिण टेक्सासात हजारोंनी आहे आणि तिथल्या शिकाऱ्यांच्या मते त्यांच्याकडचं सगळ्यात चिवट जनावर हेच. कारणंही तीच, मानेवर आणि छातीवर जाड कातडं, जड खांदा, कमी रक्त. आफ्रिकेला जायच्या आधी सराव म्हणून तिथे नीलगायीवर जाणारे शिकारी आहेत.

भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रोह्या-रानडुकरांबाबतही वनखात्याची परवानगी घेऊनच काही करता येतं. कोणी गावात बंदूक आहे म्हणून प्रयोग करू नका.

आफ्रिकेत सगळीकडे शिकार चालते का?

नाही. केनियात १९७७ पासून बंद आहे. बोत्स्वानाने २०१४ मधे थांबवली आणि २०१९ मधे पुन्हा सुरू केली. नामिबिया, दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे, झांबिया, टांझानिया, मोझांबिक इथे परवान्यावर चालते.

हे सगळं वाचून वाईट वाटतं. ही शिकार व्हावी तरी का?

वाईट वाटणं बरोबरच आहे. इतिहासही बोलका आहे, क्वागा नावाचा झेब्रा माणसांनी मारून संपवला, शेवटची मादी १८८३ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली. काळा वाइल्डबीस्टही जवळजवळ गेला होता, थोड्या शेतकऱ्यांनी आपल्या कुंपणात सांभाळला म्हणून राहिला. आज दक्षिण आफ्रिकेत खाजगी फार्मवर ही जनावरं आहेत कारण त्यातून उत्पन्न मिळतं, नाहीतर तिथे गुरं आणि मेंढ्या असत्या. नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावांना आपापल्या भागातल्या वन्यप्राण्यांवर हक्क मिळाला, फी गावाला येते आणि मांसही गावात वाटलं जातं. मला ही व्यवस्था मान्य आहे, पण एका अटीवर, जनावर हाल न होता मेलं पाहिजे. ज्याला ते जमत नाही त्याने कॅमेरा घेऊन जावं, तिथे तेवढंच बघायला मिळतं.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने कोणतं जनावर निवडावं?

इम्पाला किंवा ब्लेसबॉक. दोन्ही उघड्यावर येतात, भरपूर असतात, आणि गोळी थोडी इकडेतिकडे झाली तरी माग काढून सापडायची शक्यता जास्त. त्यानंतर कुडू. वाइल्डबीस्ट आणि गेम्सबॉक शेवटच्या दिवसांसाठी ठेवा, तोवर तिवईची सवय झालेली असते. घरून निघायच्या आधी बाकावर बसून नेम मारण्यात वेळ घालवू नका, तीन काठ्यांच्या तिवईवर उभं राहून शंभर मीटरवर सराव करा, कारण फार्मवर बाक नसतो. आणि पहिल्या सकाळी रायफल तपासून झाली की पीएचला सांगा, सोलायची शेड दाखव आणि कालचं एखादं जनावर असेल तर त्याचं हृदय कुठे आहे ते बोट ठेवून दाखव.